पीएलसीचं लॉजिक सॉफ्टवेअरने लिहिलं, तर त्याला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मेंटेनन्सच्या लोकांसाठी एक माहितीपुस्तिका मराठीत लिहितोय. मशीन आपोआप चालणं म्हणजे 'स्वयंचलन', इथवर ठीक. पण पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाचा) प्रोग्रॅमच सॉफ्टवेअर तयार करून देतं, त्याला काय म्हणू? 'आज्ञावलीचे स्वयंचलन' लिहिलं तर प्रोग्रॅम आपोआप चालतो, असं वाटतं.

प्रतिसाद : 'आज्ञावलीची स्वयंनिर्मिती' कसं वाटतं?

प्रतिसाद : 'स्वयं' इथे घात करेल. स्वयंपाक, स्वयंसेवक, स्वयंरोजगार या सगळ्यांत 'स्वयं' म्हणजे माणूस स्वतः. 'स्वयंनिर्मित लॉजिक' वाचून फिटरला वाटेल, कुणीतरी घरच्या घरी लिहिलंय. शिवाय शॉपफ्लोअरवर 'आज्ञावली' कुणी म्हणत नाही, 'लॉजिक'च म्हणतात. मात्र सरसकट 'लॅडर' (शिडीसारख्या आकृतीत लॉजिक मांडायची भाषा) लिहू नका. १९९३च्या आयईसी ६११३१-३ मानकात लॅडर ही अनेक भाषांपैकी एक आहे, आणि सॉफ्टवेअर बरेचदा स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये, म्हणजे ओळींत लिहायच्या भाषेत, लिहून देतं.

हस्तलिखित, टंकलिखित या चालीवर 'यंत्रलिखित लॉजिक' म्हणा.

प्रतिसाद : शब्द आवडला, पण टंकलिखितात मजकूर माणसाचाच असतो. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलमध्ये (पीएलसी प्रोग्रॅम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) 'ओपननेस' नावाची सोय आहे. तिच्या आधाराने छोटा प्रोग्रॅम लिहिला की एक्सेलमधल्या आयओ लिस्टवरून (इनपुट-आउटपुटच्या यादीवरून) पन्नास मोटरींचे ब्लॉक, म्हणजे प्रोग्रॅमचे तुकडे, एका झटक्यात तयार होतात. तिथे नियम माणसाने आधीच ठरवलेला असतो. साचा बरोबर, तर पन्नासही बरोबर. त्याला 'साच्यातून काढलेलं लॉजिक' म्हणावं. भाषा-मॉडेलला (मजकूर लिहून देणाऱ्या एआयला) साध्या वाक्यात सांगून लिहून घेतलेलं ते 'यंत्रलिखित'. त्याची प्रत्येक ओळ वाचावीच लागते.

साधं स्टॉप बटन घ्या. ते एनसी (नॉर्मली क्लोज्ड, एरवी जोडलेलं) जोडतात, म्हणजे न दाबता इनपुट १ असतो. त्यामुळे लॅडरमध्ये त्याचा कॉन्टॅक्ट एनओ (नॉर्मली ओपन, इनपुट १ असताना जुळणारा) घ्यायचा. लिस्टच्या शेऱ्यात 'एनसी' दिसलं म्हणून मॉडेलने लॅडरमध्येही एनसी टाकला, तर स्टॉप दाबून धरल्याशिवाय मोटर सुरूच होणार नाही. हे ट्रायलला लगेच कळतं. पण त्या वेळी कुणी 'मोटर सुरू होत नाही' म्हणून बटनच एनओ जोडून टाकलं, तर सगळं सुरळीत दिसेल, आणि पुढे कधी स्टॉपची वायर तुटली तर बटन दाबूनही मोटर थांबणार नाही. एनसी जोडायचं कारणच हे, की वायर तुटली तरी मोटर बंद पडावी. म्हणून हा फरक पुस्तिकेत शब्दांतूनच दिसला पाहिजे.

प्रश्नकर्ता : पटलं. दोन्ही शब्द वेगळे ठेवतो. वाक्य असं केलंय : 'यंत्रलिखित लॉजिक ओळीन्‌ओळ वाचून, सिम्युलेशनवर चालवून आणि स्टॉप व इंटरलॉकच्या वायरी एकेक सोडवून तपासल्याशिवाय मशीन प्रॉडक्शनला देऊ नये.'

प्रतिसाद : 'वायरी सोडवून'च्या आधी 'मेन पॉवर बंद ठेवून, फक्त कंट्रोल सप्लायवर' हे घाला.