मदत हवी आहे: मॅग्नेटाइटचे नॅनोकण बफरमध्ये टिकत नाहीत
कोल्हापुरात एमएस्सीचा प्रकल्प करतोय: एमआरआयच्या टी-२ कॉन्ट्रास्टसाठी (कण असतील तो भाग चित्रात गडद दिसावा म्हणून) लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण. फेरस-फेरिक क्लोराइड १:२, नायट्रोजनखाली अमोनिया, मग कणांवर लेप म्हणून ८० अंशांवर सायट्रिक आम्ल. एक्सआरडीवरून (क्ष-किरण विवर्तन) कण साधारण १० नॅनोमीटरचे. (मॅग्नेटाइट की त्याचंच ऑक्सिडीकरण झालेलं रूप मॅग्हेमाइट, ते त्यावरून नीट सुटत नाही, तो वाद नंतर.) डिस्टिल्ड पाण्यात झकास काळं द्रावण, पण फॉस्फेट बफरमध्ये घातलं की तासाभरात तळाशी तपकिरी गाळ आणि वर नितळ पाणी.

सायट्रेट वाढवून, पीएच ७.४ करून, सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी कण सुटे करणारं यंत्र) ठेवून झालं, फरक नाही. नुसत्या ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात गाळ बराच उशिरा धरतो, म्हणून फॉस्फेटच सायट्रेटला हुसकावतोय असा संशय आहे.

प्राण्यांवर काही करायचं नाही. आगरमध्ये नमुने बसवून १.५ टेस्लावर आर-२ (टी-२ सिग्नल किती वेगानं विझतो तो दर) मोजायचंय, आणि स्कॅनर पेशंट संपल्यावर रात्रीच मिळतो. दुसरा लेप म्हणून पेग-सिलेन बजेटबाहेर, डेक्स्ट्रान (ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचा पॉलिमर) कपाटात आहे.

तयार कणांवर आता डेक्स्ट्रान चढेल, की तो अमोनिया टाकतानाच द्रावणात हवा? आणि १० हजार रेणुभाराचा घ्यावा की ४० हजार?