कंपाइल केलेलं एक्स्टेंशन नव्या व्हर्जनवर टिकवताना : सांगली-सातारकरांनो, अनुभव सांगा

नमस्कार मंडळी.

आपल्या भागात सॉफ्टवेअर बनवणारे बरेचजण दोन-चार माणसांच्या ऑफिसातून काम करतात. गिऱ्हाईक म्हणजे साखर कारखाना, पतसंस्था, दूध संकलन केंद्र, पॅथॉलॉजी लॅब, एमआयडीसीतलं वर्कशॉप. काट्याशी, प्रिंटरशी बोलायचं किंवा एखादा हिशोब झपाट्याने करायचा म्हटलं की सी किंवा सी प्लस प्लसमधला एखादा तुकडा लागतोच. तो कंपाइल करून, म्हणजे मशीनच्या भाषेत बदलून, जी फाइल बनते तेच एक्स्टेंशन. कुठे ती विंडोजची डीएलएल असते, कुठे लिनक्सची .एसओ, कुठे नोडची .नोड फाइल. ज्या प्लॅटफॉर्मवर ती चालते तो आपल्या हातात नसतो. तो बदलतो आणि फोन आपल्याला येतो.

सोर्स तसाच ठेवून नव्या व्हर्जनवर पुन्हा कंपाइल करता आलं, तर ती सोर्स सुसंगतता. गिऱ्हाइकाकडे आधीपासून असलेली फाइल जशीच्या तशी चालली, तर ती बायनरी सुसंगतता. दुसरी फार अवघड. कंपाइल करताना हेडरमधली (प्लॅटफॉर्मने दिलेल्या व्याख्यांच्या फाइलमधली) स्ट्रक्चरची, म्हणजे माहितीच्या कप्प्यांची, मांडणी मशीन कोडमध्ये कोरली जाते. अमुक फील्ड १६व्या बाइटवर आहे म्हणजे कोड कायम १६व्याच बाइटवर जाणार. प्लॅटफॉर्मवाल्यांनी मध्ये एक नवं फील्ड घातलं की जुना कोड तिथे जाऊन भलतंच काही वाचतो. प्रोग्रॅम लगेच कोसळला तर बरं. नाहीतर चुकीचा आकडा येतो, आणि तो कुणाच्या उसाच्या वजनात किंवा रक्ताच्या रिपोर्टात जाऊन बसतो. मला या विषयाची कळकळ वाटते ती त्यामुळे.

प्लॅटफॉर्म कोणता, काय मोडलं आणि आता कसं करता, एवढं सांगा. गिऱ्हाइकाचं नाव नको.

कराड, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर

आमचं काम उसाच्या काट्यावरचं. इंडिकेटरकडून आरएस-२३२ ने वजन येतं आणि कॉम्प्युटरवर स्लिप निघते. स्क्रीन इलेक्ट्रॉनमध्ये (जावास्क्रिप्टमधून डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन, त्याच्या आत जावास्क्रिप्ट चालवणारं नोड असतं) केलेली आहे, सिरियल पोर्ट वाचणारा भाग म्हणजे सी प्लस प्लसमधलं नोड ॲडऑन. गळीत हंगामात काटा रात्रंदिवस चालतो. ट्रॅक्टरची रांग गेटबाहेर रस्त्यावर आलेली असते, बैलगाड्याही असतात. अशा वेळी 'अपडेट झालं आणि आता उघडत नाही' असा फोन आला की पोटात गोळा येतो.

पूर्वी दर मोठ्या व्हर्जनला हे ठरलेलं होतं. नोड ८ चा मॉड्यूल व्हर्जन नंबर ५७, नोड १० चा ६४. ५७ वर बांधलेली फाइल नोड १० उघडतच नाही, वेगळ्या व्हर्जनवर कंपाइल केलेली आहे असं सांगून थांबतो. हा नकार योग्यच आहे, कारण खालच्या व्ही८ या जावास्क्रिप्ट इंजिनाचे क्लास बदललेले असतात. इलेक्ट्रॉनचा नंबर आणखी वेगळा. नॅन नावाची हेडर लायब्ररी वापरून सोर्स एकच ठेवता यायचा, पण कंपाइल मात्र दर वेळी करावंच लागायचं. नॅनने बायनरी सुसंगतता मिळते असा समज अजून ऐकू येतो. तो खरा नाही.

आता सगळं नोड-एपीआय या नोडच्याच सी इंटरफेसवर नेलं आहे. नोड ८ मध्ये ते प्रायोगिक होतं, नोड १० मध्ये स्थिर झालं. यात व्ही८ चे क्लास दिसतच नाहीत. साधी सी फंक्शनं आणि आत काय आहे ते न दाखवणारी हँडल्स एवढंच हाती येतं. मांडणी माहीतच नसेल तर ती कोडमध्ये कोरली जाणार कशी? एकदा बांधलेली फाइल पुढच्या व्हर्जनांवर तशीच चालते. अट एकच : त्याच ॲडऑनमध्ये कुठेही व्ही८ किंवा लिबयूव्हीची (नोडच्या आतली आणखी एक लायब्ररी) फंक्शनं थेट वापरायची नाहीत. त्यांच्याबद्दल हे वचन नाही, आणि तशी एक ओळ जरी असली तरी सगळी हमी गेली.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. फाइल लोड झाली म्हणजे काम झालं असं नाही. इलेक्ट्रॉन २१ मध्ये व्ही८ चा मेमरी केज चालू झाला आणि बाहेरच्या मेमरीवर बफर बांधायला बंदी आली. ॲडऑन लोड होतं, पण एक्स्टर्नल बफर मागितला की एरर स्टेटस परत येतो. आम्ही प्रत्येक कॉलनंतर स्टेटस तपासतो, म्हणून हे ऑफिसातच सापडलं. आता कॉपी करून बफर देतो. वजनाची एक ओळ ती केवढी, कॉपीला वेळ लागतच नाही. आणि इलेक्ट्रॉनचं नवं व्हर्जन फक्त उन्हाळ्यात, हंगाम आटोपल्यावर.

सांगली, पतसंस्थांचं सॉफ्टवेअर (आता निवृत्त)

तुम्ही तरुण मंडळी ज्यासाठी झटताय ते व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये एका टॅबवर होतं. प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये तीन पर्याय : नो, प्रोजेक्ट आणि बायनरी कम्पॅटिबिलिटी. व्याजाची आकारणी करणारी ॲक्टिव्हएक्स डीएलएल एक, आणि तिला वापरणाऱ्या एक्सई अनेक : काउंटर, पिग्मी, कर्ज विभाग. पहिला पर्याय ठेवून डीएलएल बांधली की दर वेळी क्लासला आणि इंटरफेसला नवे जीयूआयडी (ओळख क्रमांक) मिळतात. जुन्या एक्सईला तिची ओळखच पटत नाही आणि एरर ४२९ येते. मग सगळ्या शाखांतल्या सगळ्या एक्सई बदलत फिरा.

बायनरी पर्यायात आधीची एक डीएलएल संदर्भ म्हणून दाखवावी लागते. ती प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये, रीड-ओन्ली करून ठेवायची. बिल्डच्या फोल्डरमधलीच दाखवली तर संदर्भ स्वतःच बदलत राहतो. नवी मेथड वाढवायला हरकत नाही. जुन्या मेथडची पॅरामीटर्स बदलायला गेलात की व्हीबी इशारा देतं, आणि तो इशारा आमच्याकडे शेवटचा शब्द असायचा. व्याजाचा नियम बदलला तर जुनी मेथड तशीच ठेवून शेजारी नवी लिहायची.

हे मूळचं कॉमचं (मायक्रोसॉफ्टच्या कंपोनंट ऑब्जेक्ट मॉडेलचं) तत्त्व. एकदा बाहेर दिलेला इंटरफेस बदलायचा नाही, बदल हवा तर नावापुढे २ हा आकडा लावून दुसरा काढायचा. व्हीबी ६ च्या एडिटरचा आधार २००८ मध्ये संपला, रनटाइम मात्र विंडोज ११ बरोबरही येतो, ३२ बिटचाच. त्यामुळे तेव्हा नीट बांधलेली डीएलएल आजही काम करू शकते. या शिस्तीचं मोल मला शाखांमधल्या क्लार्क मंडळींकडे बघून कळलं. महिनाअखेरीला त्यांचं काम अडलं नाही, हीच आमची पावती.

मिरज, लॅबमधली प्रतिमा मोजणी

सांगलीच्या काकांचं 'संदर्भाची प्रत वेगळी ठेवा' हे वाक्य आजच टीमला वाचून दाखवलं.

आमच्याकडे मायक्रोस्कोपच्या चित्रांतून पेशी मोजणारं पायथॉन पॅकेज आहे, आतला हिशोब सी मध्ये. लॅबच्या मशीनना इंटरनेट नसतं, व्हील फाइल (पायथॉनचं तयार पॅकेज) पेन ड्राइव्हवर न्यावी लागते. पायथॉनच्या एक्स्टेंशनचं सर्वसाधारण व्हील एकाच मायनर व्हर्जनचं असतं. ३.१० साठी बांधलेलं ३.११ वर बसतच नाही. त्याला विंडोज आणि लिनक्सने गुणलं की पेन ड्राइव्हवर कोणती फाइल कोणाची, हाच घोळ.

त्यात १६ जून २०२४ ला नमपाय (पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी) २.० आलं. नमपायने बायनरी मांडणी बदलली ती बऱ्याच वर्षांनी आणि जाहीर सांगून. १.x वर कंपाइल केलेली मॉड्यूल्स २.० वर चालणार नव्हती. उलट बाजूने मात्र सोय ठेवली होती : २.० वर बांधलेलं मॉड्यूल १.x वरही चालतं. सांगायचं कारण, 'सगळ्यात जुन्या व्हर्जनवर बांधा' हा नियम सगळीकडे लागू पडत नाही. प्लॅटफॉर्म काय वचन देतो ते वाचूनच ठरवावं लागतं.

आम्ही त्या निमित्ताने मुळातच विचार केला. आम्हाला नमपायकडून हवं होतं काय? पिक्सेल कुठे सुरू होतात, रांगा किती, स्तंभ किती. एवढं तर पायथॉनच्या बफर प्रोटोकॉलमधून (मेमरी थेट वाचू देण्याच्या सोयीतून) मिळतं. मग नमपायचं हेडरच काढून टाकलं आणि पायथॉनच्या लिमिटेड एपीआयवर गेलो. ही सोय ३.२ पासून, म्हणजे २०११ पासून आहे. कंपाइल करताना पाय_लिमिटेड_एपीआय हा मॅक्रो किमान व्हर्जनच्या आकड्यासह लावायचा, मग हेडर आतल्या स्ट्रक्चर्सची फील्डं लपवतं. विंडोजवर ठरावीक व्हर्जनच्या डीएलएलऐवजी पायथॉन३.डीएलएलशी लिंक होतं. व्हीलच्या नावात एबीआय३ येतं आणि त्या किमान व्हर्जनपासून पुढच्या सगळ्या ३.x वर तेच चालतं.

किंमत मोजावी लागते. लिस्टमधली वस्तू थेट उचलणारे झटपट मॅक्रो मिळत नाहीत, फंक्शन कॉल करावा लागतो. टाइप स्थिर स्ट्रक्चर म्हणून न लिहिता स्पेक देऊन चालू प्रोग्रॅममध्ये बनवावा लागतो. आणि बफर प्रोटोकॉल या मर्यादित यादीत ३.११ मध्ये आला, म्हणून आम्हाला किमान व्हर्जन ३.११ धरावं लागलं. त्याहून जुन्या पायथॉनवरच्या लॅबना आधी पायथॉन बदलून दिला. वेगात म्हणावा तसा फरक नाही, कारण खरा वेळ पिक्सेलच्या लूपमध्ये जातो आणि तिथे पायथॉनचा संबंधच नाही.

धागाकर्ता

ताई, जीआयएल (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं कुलूप) नसलेल्या नव्या पायथॉनवरही हेच व्हील चालेल का?

मिरज

नाही. ३.१३ मध्ये तो फ्री-थ्रेडेड बिल्ड प्रायोगिक म्हणून आला आणि त्यावर एबीआय३ चालत नाही. त्याच्यासाठी वेगळं व्हील बांधावं लागतं, टॅगमध्ये शेवटी टी असतो. आम्ही तिकडे अजून वळलो नाही.

सातारा, एमआयडीसीतलं मशीन मॉनिटरिंग

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. उबुंटू २२.०४ वर ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३५ आहे, सेंटओएस ७ वर २.१७. पहिल्यावर बांधलेली .एसओ दुसऱ्यावर टाकली की 'ग्लिबसी २.३४ नॉट फाउंड'. आम्ही नव्यातलं काहीच वापरलं नव्हतं, नुसते थ्रेड होते. पण २.३४ मध्ये पीथ्रेड लायब्ररी मुख्य सी लायब्ररीत विलीन झाली, पीथ्रेड_क्रिएटला २.३४ चा सिम्बॉल व्हर्जन मिळाला, आणि नव्या मशीनवर लिंक केलं की तोच चिकटतो. ग्लिबसी मागची सुसंगतता काटेकोर पाळते, पुढची नाही. म्हणून इथे जुन्यावर बांधून नव्यावर चालवायचं. मेनीलिनक्स२०१४ चा कंटेनर (अनेक लिनक्सवर चालणारी व्हील बांधायचं तयार वातावरण) सेंटओएस ७ वरच आधारलेला आहे, त्यात बांधतो आणि ऑडिटव्हीलने तपासतो. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, पण शॉप फ्लोअरवरची मशीन अजून चालूच आहेत.

कुपवाड, ड्रॉइंग ऑफिस

ऑटोकॅडची एआरएक्स (सी प्लस प्लसमधली) प्लगइनं. इथे वचन गटागटाने असतं : २०१०, २०११, २०१२ ला एक फाइल, २०१३ ला पुन्हा कंपाइल. २०२१ ते २०२४ परत एकच गट. २०२५ मध्ये डॉटनेट फ्रेमवर्क जाऊन डॉटनेट ८ आलं, तेव्हा डॉटनेटची प्लगइनंही नव्याने बांधावी लागली. कास्टिंगच्या पॅटर्नचा सगळा हिशोब आम्ही ऑटोकॅडचं एकही हेडर नसलेल्या वेगळ्या लायब्ररीत ठेवतो. दर गटासाठी फक्त वरचं पातळ कवच बदलतं.

वाई, डेटाबेस

दूध संस्थांच्या सभासद याद्यांत एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. ते जुळवायला पोस्टग्रेस डेटाबेससाठी सी मध्ये फंक्शन लिहिलं आहे. पोस्टग्रेसमध्ये सी मधल्या प्रत्येक एक्स्टेंशनला मॅजिक ब्लॉक (कोणत्या व्हर्जनवर बांधलं त्याचा शिक्का) लागतो. मेजर व्हर्जन जुळलं नाही तर सर्व्हर ते लोडच करत नाही. मायनर व्हर्जनला मांडणी बदलत नाही असा सर्वांचा भरवसा.

१४ नोव्हेंबर २०२४ च्या मायनर रिलीजमध्ये तो भरवसा हलला. रिझल्टरेलइन्फो नावाच्या स्ट्रक्चरच्या शेवटी एक फील्ड वाढलं. शेवटी वाढवलेलं चालतं, असं आपण धरून चालतो, आणि पॉइंटर सर्व्हरनेच दिला असेल तर ते खरंही आहे. पण काही एक्स्टेंशनं ते स्ट्रक्चर स्वतः तयार करतात, मेकनोड वापरून. मेकनोड दिसतं फंक्शनसारखं, आहे मॅक्रो, म्हणजे कंपाइल होतानाच उलगडणारा मजकूर. त्यातला साइजऑफ (स्ट्रक्चरचं माप) एक्स्टेंशन कंपाइल झालं तेव्हाचा. म्हणजे मेमरी जुन्या मापाची आणि सर्व्हर लिहिणार नव्या मापाने. टाइमस्केलडीबी या एक्स्टेंशनला हा फटका बसला. आठवड्याभरात, २१ नोव्हेंबरला, १७.२ आणि इतर दुरुस्त रिलीज आले. त्यांत ते फील्ड स्ट्रक्चरमधल्या रिकाम्या पॅडिंगमध्ये बसवून माप पूर्ववत केलं.

आमचं फंक्शन मजकूर घेतं आणि मजकूर देतं, त्यामुळे त्याला काही झालं नाही. तरी आता प्रत्येक मायनर अपडेटआधी आमच्या टेस्ट जुन्या बायनरीवरच, पुन्हा कंपाइल न करता चालवतो. पुन्हा कंपाइल केलं की नेमका हाच दोष झाकला जातो. लिबॅबिगेलचं एबीआयडिफ हे साधनही वापरून बघा. दोन बायनरींमधल्या मांडणीचा फरक ते फील्डनिशी दाखवतं.

विटा, दूध संकलनाचं ॲप

आमचं अँड्रॉइडवरचं. संकलन केंद्रावर फॅट, एसएनएफ आणि लिटर टाकले की ब्लूटूथ थर्मल प्रिंटरवर पावती निघते. प्रिंटरसोबत मिळालेल्या एसडीकेमध्ये (डेव्हलपरसाठीच्या फाइलींमध्ये) एक .एसओ होती, सोर्स नाही.

अँड्रॉइड १५ पासून १६ केबी मेमरी पेजची सोय आली, आधी सगळीकडे ४ केबी होतं. अँड्रॉइड १५ किंवा पुढच्यासाठी केलेल्या ॲपमधली प्रत्येक .एसओ १६ केबीवर अलाइन हवी, अशी अट प्ले स्टोअरने १ नोव्हेंबर २०२५ पासून घातली. आमची स्वतःची लायब्ररी एनडीके (अँड्रॉइडसाठी सी कंपाइल करायची साधनं) २८ ने पुन्हा बांधली. त्यात हे अलाइनमेंट आपोआप होतं. प्रिंटरची .एसओ मात्र ४ केबीवरच, आणि पुरवठादाराकडून उत्तर नाही.

तेव्हा ती .एसओ नेमकं करते काय, हे बघितलं. ब्लूटूथच्या सिरियल प्रोफाइलवर ईएससी-पॉस या पावती प्रिंटरच्या कमांडचे बाइट पाठवते, एवढंच. हे तर कोटलिन या अँड्रॉइड ॲपच्या भाषेतून थेट करता येतं. प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो, म्हणून शेतकऱ्याचं नाव आम्ही आधीपासूनच चित्र म्हणून छापत होतो. त्या चित्राचे रास्टर बाइट बनवणारा भागही कोटलिनमध्येच आणला. .एसओ काढून टाकली आणि त्या ॲपमधला तेवढा प्रश्न संपला. ज्यांच्याकडे असे प्रिंटर आहेत त्यांनी आधी एसडीकेच्या फोल्डरमध्ये कमांडची यादी शोधा. पुष्कळदा पीडीएफ तिथेच पडलेली असते.