साडेतीन वर्षांचा मुलगा लिहीत नाही, ट्यूशन लावू का?

सांगलीची_आई
मुलगा परवा साडेतीनचा झाला. नर्सरीच्या बाईंनी वहीत लाल शेरा दिलाय, 'लेखनात मागे. सराव घ्या, घरी इंग्रजीच बोला.' शेजारची त्याच्याच वयाची मुलगी वन टू हंड्रेड लिहिते. हा पेन्सिल मुठीत धरतो आणि दोन ओळींत हात दुखतो म्हणून रडतो. सासूबाई म्हणतात अंगणवाडीत घाला. पण तिथे मुलं नुसती खिचडी खाऊन येतात ना?

दोन_पोरींचा_बाप
थोरलीला लावली होती ट्यूशन. धाकटीला नाही. पहिलीच्या दिवाळीपर्यंत दोघी सारख्याच. पैसे वाचवा.

बालवाडीची_ताई
डहाणूकडे २३ वर्षं बालवाडी घेतली, म्हणून जरा लांबण लावते.

हात दुखतो म्हणतोय ना, मग दुखतच असणार. मनगटात ८ छोटी हाडं असतात. या वयाच्या मुलाचा एक्स-रे काढला तर त्यातली तीन-चारच दिसतात, बाकीची अजून मऊ कूर्चाच असते, हाड झालेलं नसतं. मुठीत पेन्सिल धरणं याला मागे पडणं म्हणत नाहीत. त्याला मटार सोलू द्या, कणकेचे गोळे करू द्या, कपड्यांचे चिमटे दोरीला लावू द्या. बोटं तिथे तयार होतात.

आणि शंभरचं म्हणाल तर, माझ्याकडे एक पोरगा होता, एका दमात शंभरपर्यंत म्हणायचा. त्याला म्हटलं, ७ चिंचोके आण. ओंजळभर आणून माझ्या पदरात ओतले, म्हणाला, "घे, शंभर!" त्याच वर्गातल्या एका मुलीला एक आकडा काढता येत नव्हता. जेवणाच्या वेळी ती प्रत्येकापुढे ताट ठेवत गेली आणि परत येऊन म्हणाली, "ताई, दोन ताटं कमी पडली." आता मोजायला कोणाला येत होतं, सांगा. शेजारणीशी मात्र यावरून भांडू नका हं.

खिचडीवरून अंगणवाडीला नावं ठेवू नका. ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती तिथली. १९७५ मध्ये सरकारी योजना आली, तिच्यातही आहाराबरोबर ३ ते ६ वर्षांच्या मुलांचं शिक्षण पहिल्यापासून आहे. सगळ्याच चांगल्या चालतात असं मी म्हणणार नाही. एक तास जाऊन बसा. खेळणी मुलांच्या हातात आहेत की कुलूपबंद कपाटात, तेवढं बघा.

घरी इंग्रजी? तुम्ही त्याला ज्या भाषेत रागावता, त्याच भाषेत गोष्टी सांगा.

सांगलीची_आई
ताई, आज पाव किलो मटार दिला सोलायला. अर्धा पोटात गेला. मग ताटं मांडायला लावली तर आजोबांचं विसरला, आणि स्वतःच ओरडला, "एक राहिलं!" पण सोमवारी वही द्यायची आहे, बाईंना काय सांगू?

बालवाडीची_ताई
वही कोरी द्या. बाईंना विचारा, वहीऐवजी पाटी-खडू चालेल का. मोठी रेघ खांद्यातून निघते, ती त्याला जमेल. आणि आजोबांना ताट मिळालं ना?