एसएटी पहिल्यांदा कधी द्यावी: दहावीनंतरच्या ऑगस्टमध्ये की अकरावीच्या मार्चमध्ये?

प्रश्न: दहावीतल्या मुलीचे वडील

माझी मुलगी अमेरिकेत दहावीत आहे आणि सध्या अल्जिब्रा-२ शिकते आहे. तिच्या दोन मैत्रिणींनी एसएटी, म्हणजे येथील कॉलेज प्रवेशाची परीक्षा, देऊनही टाकली, तेव्हापासून आमच्या घरी दुसरा विषय निघत नाही. आम्ही दोघे भारतात शिकलो. तेथे परीक्षेची तारीख ठरलेली असे आणि आपण फक्त हजर व्हायचे. येथे वर्षातून अनेकदा परीक्षा होत असल्याने तारीख आपल्यालाच निवडावी लागते, आणि नेमके तेच जमत नाही. अकरावीत तिला दोन एपी (कॉलेजच्या पातळीचे) विषय घ्यायचे आहेत, शिवाय मार्चपासून ती शाळेच्या ट्रॅक (धावण्याच्या) संघात असेल. पहिला प्रयत्न केव्हा करावा आणि एकूण किती वेळा परीक्षा द्यावी?

उत्तर: दोन मुलांची आई

तारीख शेवटाकडून मोजत यावी. कॉलेजांच्या अर्ली, म्हणजे लवकरच्या फेरीतील, अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबरच्या आसपास असते, त्यामुळे बारावीच्या सुरुवातीची ऑगस्टची परीक्षा हीच निवांतपणे देता येण्याजोगी शेवटची समजावी. ऑक्टोबरवर भिस्त ठेवली, तर निकाल वेळेत पोचेल की नाही ही धाकधूक नेमकी अर्जांचे निबंध लिहिण्याच्या दिवसांत मागे लागते. आमच्या मोठ्याने पहिला प्रयत्न अकरावीच्या मे महिन्यात केला आणि एपीच्या परीक्षाही त्याच सुमारास आल्या. एसएटीच्या केंद्रावर जाताना तो गाडीत केमिस्ट्रीच्या टिपणांवर नजर फिरवत होता, यावरून काय ते समजावे. धाकटीने मार्चमध्ये पहिली आणि ऑगस्टमध्ये दुसरी दिली. मी मार्चच सुचवेन.

उत्तर: गणिताचा शिकवणीवाला

मार्च बहुतेकांना सोयीचा असतो हे खरे, परंतु या मुलीच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. एसएटीच्या गणित विभागातील ४४ प्रश्नांपैकी सुमारे ३५ टक्के प्रश्न वर्गसमीकरणे, घातांकी फलने अशा भागांवर असतात आणि त्यांचा मोठा हिस्सा अल्जिब्रा-२ मध्येच शिकवला जातो. तो विषय संपण्याआधी परीक्षेला बसणे म्हणजे न शिकलेल्या धड्यांचा पेपर देणे होय. मैत्रिणींचे काय झाले, ते त्यांना विचारून पाहावे. तुमच्या मुलीचा हा विषय जूनपर्यंत संपेल, तो ताजा असतानाच उन्हाळ्यात सराव करून तिने अकरावीच्या तोंडावर, ऑगस्टमध्ये परीक्षा द्यावी. त्याच तयारीवर ऑक्टोबरची पीएसएटी, म्हणजे एसएटीची पूर्वपरीक्षाही निघून जाते, आणि नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठी साधारणपणे अकरावीतलीच पीएसएटी धरली जाते.

मात्र नोंदणीपूर्वी एसएटीच्या ब्लूबुक ॲपवर २ तास १४ मिनिटांची पूर्ण सराव परीक्षा एका बैठकीत द्यायला लावावी. प्रत्येक विभागाच्या पहिल्या भागातील कामगिरीवरून दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते, त्यामुळे सुरुवातीच्या निष्काळजी चुका महागात पडतात, आणि ही सवय फुटकळ प्रश्न सोडवून लागत नाही. एसीटी या दुसऱ्या प्रवेश परीक्षेचीही एक सराव परीक्षा देऊन पाहावी. जी मानवेल ती एकच धरावी.

उत्तर: नुकताच अर्जांतून मोकळा झालेला विद्यार्थी

आधी कॉलेजांची कच्ची यादी करावी. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेश देताना हे गुण पाहतच नाही, तर एमआयटीने २०२२ मध्ये गुण देण्याची अट पुन्हा लागू केली. अनेक कॉलेजे वेगवेगळ्या तारखांमधले प्रत्येक विभागाचे सर्वोत्तम गुण एकत्र धरतात, त्यामुळे दुसरा प्रयत्न वाया जात नाही. पण काही ठिकाणी सर्व प्रयत्नांचे गुण मागतात, म्हणून केवळ अनुभवासाठी परीक्षा देऊ नये. मी तीनदा दिली आणि तिसऱ्या वेळी फक्त १० गुण वाढले. आणखी एक, नोंदणी लवकर करावी. मी आळस केला, तेव्हा जवळची केंद्रे भरली होती आणि पहाटे पाच वाजता घरून निघावे लागले.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. ट्रॅकचा हंगाम पाहता ऑगस्ट आम्हाला अधिक सोयीचा वाटतो. जूनमध्ये शाळा संपली की पहिल्याच शनिवारी सराव परीक्षा ठेवली आहे; तिने फक्त सकाळी दहानंतर सुरू करू द्या, एवढी अट घातली आहे. खरी परीक्षा सकाळी आठच्या सुमारास सुरू होते, हे तिला अजून सांगायचे आहे.