आबांचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन: पोट उघडून की दुर्बिणीने? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेर तालुक्यातले. वडिलांना (आबा, वय 63, कपाशीची शेती) गुदाशयाचा कॅन्सर निघाला आहे. गाठ गुदद्वारापासून 6 सेंमीवर, एमआरआयनुसार टी3, म्हणजे गुदाशयाच्या भिंतीच्या स्नायूबाहेर पोचलेली. लिव्हर, फुप्फुसात काही नाही. नाशिकला राहून रेडिएशनचे 25 शेक आणि किमोच्या गोळ्या झाल्या. आता ऑपरेशन ठरवायचं आहे, आणि इथेच घोडं अडलंय.

जळगावचे सर्जन म्हणतात, पोट उघडून करू. नाशिकचे म्हणतात दुर्बिणीने. मुंबईला एका ठिकाणी रोबोट सुचवला, खर्च ऐकून आई गप्पच झाली. त्यात मामांचं एकच पालुपद: "पोट फाडाशिवाय डॉक्टरले काय दिखी?" आबांना मात्र फक्त पोटावरची शौचाची पिशवी कायमची राहील का एवढंच विचारायचं असतं.

दुर्बिणीने केलं तर कॅन्सर मागे राहण्याचा धोका खरंच जास्त असतो का? कुणाच्या घरात झालं असेल तर कृपया सांगा.

धुळेकर_डॉक:
दादा, मी डॉक्टर आहे, पण कॅन्सर सर्जन नाही, हे लक्षात ठेवून वाचा. मामांची शंका अगदीच वेडगळ नाही. 2015 साली अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या दोन चाचण्यांत काढलेल्या भागाची तपासणी केली, तेव्हा "नीट निघाला" असं दुर्बिणीच्या गटात सुमारे 82% रुग्णांत आढळलं, उघड्या ऑपरेशनमध्ये 87 ते 89%. त्यामुळे दुर्बीण कमी पडत नाही, असं त्यांना म्हणता आलं नाही. पण त्याच वर्षी आलेल्या कलर 2 या मोठ्या चाचणीत तीन वर्षांनी त्याच जागी कॅन्सर परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे 5% होतं.

मग फरक कशाने पडतो? बराचसा हाताने. गुदाशयाभोवती चरबीचं एक वेष्टण असतं, ते न फाटता अख्खं निघालं पाहिजे आणि कापलेली कड कॅन्सरपासून मोकळी पाहिजे. पुरुषांचं ओटीपोट अरुंद, त्यात गाठ खाली, म्हणजे काम अवघडच. चीनमधल्या लासरे चाचणीत अनुभवी सर्जनच घेतले होते. तिथे वेष्टण पूर्ण निघण्याचं प्रमाण दुर्बिणीने 85.3%, उघडून 85.8%, जवळपास सारखंच. शिवाय गुदद्वाराचा स्नायू वाचला 71.7% विरुद्ध 65%. हा स्नायू वाचला तरच कायमची पिशवी टळू शकते, म्हणून आबांच्या प्रश्नाशी याचाच संबंध आहे.

रोबोटचं म्हणाल तर चीनच्याच रिअल चाचणीत मधल्या आणि खालच्या गाठींसाठी तीन वर्षांत त्या जागी परतण्याचं प्रमाण 1.6% होतं, साध्या दुर्बिणीने 4%. पण तेही मुरलेले हात होते. त्याआधीच्या रोलार चाचणीत, जिथे काही सर्जन रोबोटला तसे नवे होते, ऑपरेशन अर्धवट सोडून पोट उघडावं लागण्यात ठळक फरक दिसला नव्हता. नवशिक्याच्या रोबोटपेक्षा मी तरी उघडून उत्तम करणारा सर्जन निवडेन.

तिघांनाही विचारा: वर्षाला गुदाशयाची अशी किती ऑपरेशनं करता? दुर्बिणीने सुरू करून पोट किती जणांचं उघडावं लागलं? कड मोकळी न आल्याचं प्रमाण किती? चिडले तर तेही उत्तरच समजा. आणि शेक संपल्यावर पुन्हा एमआरआय झाला का? नसेल तर आधी तो करा, त्याशिवाय कुठल्याच सर्जनचा सल्ला पक्का धरू नका.

तापीकाठ:
सासऱ्यांचं झालंय, दुर्बिणीने. जखम लहान, लवकर उठून बसले. पण तात्पुरती पिशवी होतीच, आतड्याचा जोड भरेपर्यंत ठेवतात. ती बंद केल्यावर दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागायचं, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. आता बरंच कमी आहे, तरी लग्नाकार्याला जाताना जेवत नाहीत. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत काय बसतं आणि रोबोटचं वेगळं किती भरावं लागेल, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्या.

धागाकर्ता:
डॉक्टर ताई, तापीकाठ दादा, खूप आभार. शेकानंतरचा एमआरआय झालेला नाही, या आठवड्यात करतो. जळगावच्या सर्जनना आकडे फोनवरच विचारले. म्हणाले, फाइल घेऊन या, समोर बसून सांगतो. चिडले नाहीत.

एक राहिलंच. पिशवी बदलायला शिकवणारी नर्स जळगाव-धुळ्याकडे कुणाला माहीत आहे का? आईला शिकून घ्यायचं आहे.