रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह आलंय, बाळाच्या डोळ्यांना काही होईल का?

नवीआई: नववा आठवडा चालूय. रिपोर्टमध्ये रुबेला (जर्मन गोवर) आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. सासूबाई म्हणतात यानेच बाळाला जन्मतः मोतीबिंदू होतो, कालपासून झोपच नाही हो.

दोन_पोरांची_आई: अगं घाबरू नकोस, माझंही सेम होतं. आयजीएम ही ताज्या इन्फेक्शनची अँटीबॉडी, ती तुझी निगेटिव्ह आहे. आयजीजी अँटीबॉडी म्हणजे बहुतेक वेळा आधीच्या लसीची नाहीतर जुन्या इन्फेक्शनची इम्युनिटी, आणि त्या अँटीबॉडीज नाळेतून बाळालाही मिळतात, चांगलंच की. तरी रिपोर्ट डॉक्टरांना दाखवच.

लॅबवाला: सासूबाई अगदीच चुकीच्या नाहीत, पण ते इम्युनिटी नसताना पहिल्या 12 आठवड्यांत ताजं इन्फेक्शन झालं तर, कारण डोळ्याची लेन्स तेव्हाच तयार होत असते आणि व्हायरस थेट तिथे घुसतो. 1941 मध्ये सिडनीच्या नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा पकडलं, मोतीबिंदूवाल्या बाळांच्या आयांना गरोदरपणात रुबेला झालेला.

नवीआई: हुश्श! बहिणीचं लग्न ठरलंय, तिने आत्ताच लस घ्यावी का?

लॅबवाला: हो, फक्त नंतर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. गरोदरपणात ही लस देत नाहीत.