एकेरी आणि दुहेरी, दोन्हींत अव्वल ठरलेले टेनिसपटू कोण?

प्रश्न (कर्वेनगरकर)

नमस्कार. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि गेली सहा वर्षे टेनिस खेळते. एकेरीत ती दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत पोहोचते. दुहेरीत मात्र तिने या मोसमात मैत्रिणीबरोबर दोन स्पर्धा जिंकल्या. नाव एकेरीतच होते, तेव्हा दुहेरीत वेळ घालवू नये, असे तिचे प्रशिक्षक म्हणतात. मला ते पटत नाही, पण त्यांच्याशी बोलण्याइतकी माहिती माझ्याजवळ नाही. दोन्ही प्रकारांत खरोखर अव्वल ठरलेले खेळाडू कोण, आणि दुहेरीमुळे त्यांच्या एकेरीचे नुकसान झाले का?

उत्तर १ (जुना टेनिसप्रेमी)

एकूण ग्रँड स्लॅम (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा) विजेतेपदांचा विक्रम ऑस्ट्रेलियाच्या मार्गारेट कोर्ट यांच्या नावावर आहे: एकेरीत २४, महिला दुहेरीत १९ आणि मिश्र दुहेरीत २१, म्हणजे एकूण ६४. मात्र एकेरीतील २४ पैकी ११ विजेतेपदे ऑस्ट्रेलियन स्पर्धेतील आहेत आणि त्या काळी लांबच्या प्रवासामुळे अनेक नामवंत परदेशी खेळाडू तिकडे जात नसत, हेही ध्यानात घ्यावे लागते.

म्हणून माझे मत मार्टिना नवरातिलोवाला. तिची १८, ३१ आणि १० मिळून ५९ विजेतेपदे होतात. १९६८ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना या स्पर्धा खुल्या झाल्या, त्यानंतरच्या काळात सर्व स्पर्धा मिळून एकेरीची १६७ आणि दुहेरीची १७७ विजेतेपदे तिच्याइतकी कोणीही, पुरुषांतही, मिळवलेली नाहीत. पॅम श्रायव्हरबरोबर तिने १९८३ ते १९८५ या काळात दुहेरीचे सलग १०९ सामने जिंकले आणि १९८४ मध्ये चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा या जोडीने जिंकल्या. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे, कारण ज्या १९८३ मध्ये ही विजयमालिका सुरू झाली, त्याच वर्षी तिने एकेरीत ८७ पैकी ८६ सामने जिंकले. सर्व्हिस करून थेट नेटकडे धावणे आणि व्हॉलीवर (चेंडूचा टप्पा पडण्याआधीच मारलेल्या फटक्यावर) गुण संपवणे हा तिचा एकेरीचा खेळ, आणि दुहेरीत त्याचाच रोज सराव होत होता.

पुरुषांत रॉय इमर्सन यांचे नाव घ्यायला हवे. एकेरीत १२ आणि दुहेरीत १६ ग्रँड स्लॅम, आणि दोन्ही प्रकारांत चारही स्पर्धा जिंकणारे ते एकमेव पुरुष खेळाडू आहेत. जॉन मॅकेन्रोने सर्व स्पर्धा मिळून एकेरीची ७७ आणि दुहेरीची ७८ विजेतेपदे मिळवली.

उत्तर २ (बालेवाडीचा प्रेक्षक)

वरील आकडे योग्यच आहेत, पण आजच्या पुरुषांच्या टेनिसला ते जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. सर्बियाच्या नोव्हाक जोकोविचची एकेरीत २४ ग्रँड स्लॅम आहेत, तर दुहेरीत संपूर्ण कारकिर्दीत एकच विजेतेपद. याउलट बॉब आणि माइक ब्रायन या जुळ्या भावांनी एकत्र ११९ स्पर्धा जिंकल्या, त्यांत १६ ग्रँड स्लॅम, पण एकेरीत त्यांचा ठसा उमटला नाही. आता या दोन वेगळ्या वाटा झाल्या आहेत.

तरीही दुहेरी कमी प्रतीची नाही. पुण्यात महाराष्ट्र ओपन होत असे तेव्हा मी बालेवाडीला दुहेरीचे सामने मुद्दाम कोर्टाच्या टोकाला बसून पाहत असे. नेटजवळचा खेळाडू पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो, सर्व्हिस करणारा मान हलवतो, आणि चेंडू पडताक्षणी नेटजवळचा आडवा सरकलेला असतो. एकेरीचे कोर्ट २७ फूट रुंद, दुहेरीचे ३६. पण खेळाडू दोन असल्याने मोकळी जागा उलट कमी उरते, म्हणून रिटर्न (सर्व्हिसला परतवणारा फटका) समोरच्याच्या पायाशी खाली ठेवावा लागतो. रोहन बोपण्णा याच कोर्टवर २०१९ मध्ये दिविज शरणबरोबर आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनबरोबर विजेता ठरला. पुढे जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, त्याने मॅथ्यू एबडेनसह ऑस्ट्रेलियन ओपन जिंकले आणि दुहेरीच्या क्रमवारीत पहिले स्थान गाठले.

उत्तर ३ (एका खेळाडूची आई)

दादा, मुलींच्या बाबतीत वाटा इतक्या वेगळ्या झालेल्या नाहीत. सेरेना विल्यम्सची एकेरीची २३ ग्रँड स्लॅम सर्वांना ठाऊक आहेत, पण बहीण व्हीनसबरोबर तिने दुहेरीचे १४ ग्रँड स्लॅम अंतिम सामने खेळले आणि चौदाही जिंकले. आपल्या मुलीसाठी अधिक जवळचे उदाहरण चेक प्रजासत्ताकाच्या बार्बोरा क्रेचिकोव्हाचे आहे. ती २०१८ मध्ये दुहेरीत जगात पहिली होती, तेव्हा एकेरीत पहिल्या शंभरातही नव्हती. २०२१ मध्ये फ्रेंच ओपनला ती एकेरीत बिनमानांकित म्हणून उतरली आणि एकेरी व दुहेरी दोन्ही जिंकून गेली. २०२४ मध्ये विम्बल्डनची एकेरीही तिने जिंकली. आपल्या पुण्याच्या ऋतुजा भोसलेने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले आहे.

माझ्या मुलीचे सांगते. आठवड्यातून दोन दिवस दुहेरी, बाकी एकेरी, अशी आम्ही विभागणी केली. पूर्वी चेंडू आखूड पडला तरी ती मारून पुन्हा बेसलाइनला मागे जायची. आता पुढे येते. प्रशिक्षकांशी वाद न घालता एवढी विभागणी मागून पाहा.

कर्वेनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवसांची विभागणी प्रशिक्षकांनी मान्य केली आहे. मुलीला १९८३चा आकडा वाचून दाखवला, तर तिने लगेच विचारले की मार्टिना तो एक सामना कोणाकडून हरली?

जुना टेनिसप्रेमी

कॅथी होर्व्हाथकडून, फ्रेंच ओपनच्या चौथ्या फेरीत, तीन सेटमध्ये. होर्व्हाथ तेव्हा सतरा वर्षांची होती.